विचारा की! : खांबाचा वळसा आणि हिशेबातून सुटलेला हात

दिवाळीची सुट्टी संपली की माझ्या टपालाचा रंग बदलतो. विज्ञान प्रदर्शनं जवळ आलेली असतात. ज्वालामुखी, ठिबक सिंचन, सौर कुकर हे ठरलेले पाहुणे. यंदा मात्र व्हिडिओची लाट आहे, आणि चार पत्रं चक्क खो-खोची. कॉलेजच्या संघात असताना दोन्ही गुडघे फोडून घेतलेल्या आणि पुढं पस्तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलेल्या बाईला याहून गोड टपाल कुठलं? म्हणून या अंकात बाकी प्रश्न बाजूला.

प्रश्न : बाई, नमस्कार. आम्ही नववीतल्या चौघी जणी. शाळेत ‘खेळातलं विज्ञान’ या विषयावर पाच मिनिटांचा व्हिडिओ करायचा आहे. बाकी सगळ्या गटांनी क्रिकेट घेतलं. आम्ही शाळेच्या खो-खो संघात आहोत म्हणून खो-खो घेतला, तर सर म्हणाले, पळणं आणि पकडणं यात विज्ञान काय दाखवणार? आम्ही घर्षण, गतीचे तीन नियम, स्नायू, प्रतिक्रियेचा वेळ, सूर मारणं, आहार अशी नऊ मुद्द्यांची यादी केली आहे. ती पाच मिनिटांत बसत नाही. मोबाईल एकच आहे आणि ट्रायपॉड नाही. काय करू?
— चौघी, ता. माण, जि. सातारा

उत्तर : मुलींनो, यादी फाडा. नऊ मुद्दे म्हणजे प्रत्येकाला जेमतेम अर्धं मिनिट, आणि अर्ध्या मिनिटात पुस्तकातली व्याख्या म्हणून होते, दुसरं काही होत नाही. परीक्षकांनी त्या व्याख्या हजार वेळा ऐकलेल्या असतात. खेळातला एकच सेकंद निवडा आणि पाच मिनिटं त्याच्याच मागं लागा.

कुठला सेकंद, ते मी सुचवते. आक्रमक मुलगी संरक्षकाच्या मागं धावत खांबापर्यंत येते, एका हातानं खांब धरते, गर्रकन वळसा घालते आणि मधल्या पाटीच्या, म्हणजे गडी बसतात त्या पट्ट्याच्या, दुसऱ्या बाजूला निघते. तुम्ही हे रोज करता. तुम्हाला तो सेकंद हातापायांनी पाठ आहे, डोक्यानं नाही. सूर दिसायला जास्त देखणा, मान्य. पण सूर घेतला की सगळे गट तोच तो वक्र काढतात आणि खाली ‘प्रक्षेप्य गती’ लिहून मोकळे होतात. वळशात एक गंमत दडलेली आहे. ती मला तिसऱ्या दिवशी उन्हात उभं राहून कळली.

आधी मोबाईल कुठं ठेवायचा ते सांगते, कारण निम्मी लढाई तिथंच आहे. मैदानाच्या बाजूला, खांबाच्या अगदी समोर, दहाएक मीटरवर. म्हणजे तुम्ही मैदानाच्या रुंदीच्या दिशेनं बघताय आणि खांब चित्राच्या मधोमध आहे. ट्रायपॉडची गरज नाही. वर्गातला एक बाक, त्यावर दोन विटा, विटांच्या मध्ये मोबाईल आडवा, मागं वाळूची पिशवी टेकण म्हणून. एकदा ठेवला की हात लावायचा नाही. पळणाऱ्या मुलीमागं कॅमेरा फिरवला तर चित्र छान येतं, पण त्यातून एकही आकडा निघत नाही. स्लो मोशन लावा. सेकंदाला २४० फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, मिळत असतील तर उत्तम.

खांबाभोवती फक्कीनं तीन अर्धवर्तुळं आखा : अर्ध्या मीटरवर, पाऊण मीटरवर, एक मीटरवर. मैदानाला फक्की मारणारे शिपाईकाका असतील तर त्यांना हाताशी धरा, त्यांच्याइतकी सरळ रेघ कोणाला जमत नाही. खांबाची उंची टेपनं मोजून ठेवा. नियमानं ती १२० ते १२५ सेंटीमीटर असते, पण आपल्या शाळेचा खांब नियम वाचून पुरलेला असतोच असं नाही. हीच उंची तुमची पट्टी.

आता व्हिडिओ एकेक फ्रेम पुढं सरकवा. मुलगी वळसा घालताना एकदा खांबाच्या अलीकडून, म्हणजे तुमच्या बाजूनं जाते आणि एकदा पलीकडून. तिची कंबर खांबाच्या रेषेत पहिल्यांदा आली ती फ्रेम आणि दुसऱ्यांदा आली ती फ्रेम, या दोन्हींच्या मधला काळ म्हणजे अर्धं वर्तुळ. त्या दोन्हींच्या मध्यावर ती चित्रात खांबापासून सर्वांत लांब दिसते. त्या क्षणी ती आणि खांब मोबाईलपासून सारख्याच अंतरावर असतात, म्हणून खांबाच्या उंचीवरून कंबरेचं खांबापासूनचं अंतर काढता येतं. ती तुमची त्रिज्या. एकाच मोबाईलमधून सगळं मिळालं.

गेल्या वर्षी माझ्याकडं येणाऱ्या मुलींचे आकडे उदाहरणादाखल देते. त्रिज्या ०.८ मीटर, मधल्या फ्रेम २००. म्हणजे वेळ २०० भागिले २४०, ०.८३ सेकंद. अर्ध्या वर्तुळाची लांबी ३.१४ गुणिले ०.८, अडीच मीटर. वेग सेकंदाला ३ मीटर. वर्तुळात फिरवत ठेवायला केंद्राकडं जे त्वरण लागतं ते वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या : ९ भागिले ०.८, म्हणजे ११.२५. गुरुत्वाचं त्वरण ९.८. दोन्हींचं गुणोत्तर १.१५. सोप्या मराठीत, तिला वळवायला तिच्या वजनापेक्षा थोडं जास्तच बल लागतंय. ४५ किलोची मुलगी असेल तर ५० किलोच्या वर काहीतरी तिला खांबाकडं ओढतंय.

इथवर सगळं सुरळीत होतं. पुढं मी चुकले.

वळणावर सायकलवाला आत झुकतो हे तुम्ही रोज बघता. किती झुकायचं त्याचा हिशेब पुस्तकात असतो. टाचेपासून कंबरेपर्यंत तिरकी रेघ काढायची, तिचा आडवा भाग भागिले उभा भाग, आणि ते उत्तर वरच्या गुणोत्तराएवढं यायला हवं. म्हणजे आमच्या मुलीच्या बाबतीत १.१५. जवळजवळ ४९ अंश, जमिनीवर लोळल्यासारखा झुकाव. पडद्यावर पट्टी लावून, पाय जमिनीवर टेकलेल्या फ्रेममध्ये मोजलं तर आडवं १.४ सेंटीमीटर आणि उभं ३. गुणोत्तर ०.४७, कोन २५ अंश.

मी म्हटलं, तुमचं मोजमाप चुकलं. परत जा, परत काढा. पुन्हा २५. तिसऱ्या दिवशी मी स्वतः छत्री घेऊन मैदानावर उभी राहिले. २६ आला. मला वाटलं मोबाईल तिरका आहे. त्यावर त्या गटातली सगळ्यांत कमी बोलणारी मुलगी म्हणाली, “बाई, तुम्ही हिशेबात हात कुठं धरलाय?”

खरंच, कुठं धरला होता? सायकलवाल्याला खांब नसतो! त्याला वळवणारं सगळं बल खाली, चाकापाशी, रस्त्याच्या घर्षणातून येतं. खालून आत ओढलं की वरचं अंग बाहेर कलंडतं, ते कलंडू नये म्हणून आधीच आत झुकायचं. पण कोणी तुमच्या कंबरेला दोर बांधून कंबरेच्याच उंचीवर आत ओढलं, तर कलंडायचं काही कारण नाही, म्हणून झुकायचंही कारण नाही. खांबावरचा हात साधारण कंबरेच्याच उंचीवर असतो. तो दोराचं काम करतो. मग झुकाव सांगतो तो फक्त पायांचा वाटा. पायांचे ०.४७, एकूण लागतात १.१५, उरलेले ०.६८ हाताचे. ४५ किलोच्या मुलीसाठी तीस किलोच्या आसपास. वळसा घालताना ती एका हातानं तीस किलोचं पोतं लोंबकळत धरल्याएवढा ताण घेते, आणि घेतोय हे तिला कळतही नाही, कारण डोळे संरक्षकावर असतात.

हिशेब ढोबळ आहे. हात नेमका कंबरेच्या उंचीवर नसतो, पाय सारखा टेकलेला नसतो, वेगही वळणभर एकसारखा राहत नाही. हे व्हिडिओत सांगा. लपवलंत तर परीक्षक विचारतील, सांगितलंत तर मान डोलावतील.

मग ताळा कसा करायचा? तोच वळसा, त्याच फक्कीवरून, खांबाला हात न लावता घाला. फक्त पायांच्या ०.४७ वर ती किती वेगानं वळू शकेल? ०.४७ गुणिले ९.८ गुणिले ०.८, त्याचं वर्गमूळ : सेकंदाला १.९ मीटर. वेळ १.३ सेकंद. प्रत्यक्षात मुलगी एकतर तेवढी हळू होईल, नाहीतर फक्कीच्या बाहेर फेकली जाईल, नाहीतर मुरमावरून घसरून बसेल. तिन्ही गोष्टी कॅमेऱ्यात छान दिसतात. (गुडघ्याला पट्ट्या बांधा. माझे गुडघे आठवा.) हात लावून ०.८३, न लावता १.३. मधला फरक जवळजवळ अर्धा सेकंद. आणि अर्ध्या सेकंदात, सेकंदाला पाच मीटरच्या वेगानं सुटलेली संरक्षक अडीच मीटर पुढं जाते. आता सरांना सांगा, पळण्या-पकडण्यात विज्ञान काय ते. अडीच मीटर! बोटभर अंतरानं गडी सुटतो त्या खेळात.

अजून वेळ उरला तर प्रयोगशाळेतला ताणकाटा मागून आणा. बुटात दोन किलोचा दगड घाला, ताणकाट्यानं आडवं ओढा, बूट सुटतो त्या क्षणीचा आकडा बघा, त्याला बूट-दगडाच्या वजनानं भागा. कोरडा मुरूम, पाणी मारलेला मुरूम, मॅट असेल तर मॅट. ०.४७ हा आकडा तुमच्या मैदानावर शक्य आहे का, ते लगेच कळेल. अनवाणी खेळणाऱ्या मुलींचं काय, असा प्रश्न तुमच्यातलीच कोणीतरी काढेल. काढू दे.

व्हिडिओची जुळणी साधी ठेवा. सुरुवातीला नमस्कार-चमत्कार नको, गणपतीचं चित्र नको, ‘आपल्या जीवनात खेळाचे महत्त्व’ तर अजिबात नको. पहिल्याच क्षणी वळसा दाखवा, आवाजाशिवाय, संथ. मग विचारा, हिला कोण वळवतंय? मग सायकलचा हिशेब, आणि तो साफ चुकलेला दाखवा. मोजमाप आणि सूत्र यांचं पटत नाहीये, हे बघताना प्रेक्षक पुढं सरकून बसतो. मग हात. चुकलेला भाग कापून टाकायचा मोह होईल, पण तोच तर तुमचा व्हिडिओ आहे. मात्र माझे २५ अंश उचलू नका. तुमच्या खांबाचे, तुमच्या पायांचे जे येतील तेच.

प्रश्न : बाई, मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. मुलांनी खो-खोतल्या धावण्याचा वेग मोबाईलवर मोजला. दहा मीटरची खूण केली होती. व्हिडिओत तेवढ्या अंतराला १४.४ सेकंद लागले. वेग सेकंदाला ०.७ मीटर आला. ही मुलं तालुक्यात पहिली येतात, आणि आमच्या आजी देवळात जातात त्या याहून भरभर चालतात. कुठं चुकलं?
— एक शिक्षक, जि. धाराशिव

उत्तर : सर, आजींना माझा नमस्कार सांगा. मुलं चुकलेली नाहीत, घड्याळ चुकलंय. मोबाईलनं सेकंदाला २४० फ्रेम टिपल्या आणि दाखवताना सेकंदाला ३० दाखवल्या. म्हणजे खरा एक सेकंद पडद्यावर आठ सेकंद चालतो. तुमच्या १४.४ ला आठनं भागा : १.८ सेकंद. दहा मीटर भागिले १.८, सेकंदाला साडेपाच मीटरच्या थोडं वर, ताशी वीस किलोमीटर. आता पोरं ओळखीची वाटली ना?

पण आठनं भागायचं हे गृहीत धरू नका. काही मोबाईल १२० फ्रेम टिपतात, तिथं चारनं भागावं लागेल. काही मोबाईल क्लिपची सुरुवात आणि शेवट नेहमीच्या वेगात दाखवतात आणि मधलाच भाग संथ करतात. काही तर जास्तीच्या फ्रेम टिपतच नाहीत, एकाच चित्राच्या प्रती घालून संथपणाचं सोंग आणतात. पाठोपाठची दोन चित्रं हुबेहूब दिसली तर समजा तुमचा त्यातलाच.

खात्री करायचं साधन मैदानावरच उभं आहे. खांबाच्या माथ्यावरून खडा सोडा आणि त्याच मोबाईलवर टिपा. खांब १.२ मीटरचा असेल तर खडा अर्ध्या सेकंदात जमिनीवर येतो. दोनदा १.२ भागिले ९.८, त्याचं वर्गमूळ, ०.४९५. इतका सुटसुटीत आकडा निघावा अशी खांबाची उंची कोणी मुद्दाम ठेवली नसणार, पण आली खरी. पडद्यावर खडा चार सेकंद पडत राहिला तर आठनं भागा, दोन सेकंद पडला तर चारनं. मुलांना हे सूत्र पाठ असतं; त्यावर मोबाईलचा खोटेपणा पकडता येतो हे त्यांनी पाहिलेलं नसतं.

संगणकावर व्हीएलसी प्लेअर असेल तर इंग्रजी ‘ई’ ची कळ दाबत गेलं की चित्र एकेक फ्रेम पुढं सरकतं. ‘ट्रॅकर’ नावाची फुकट प्रणाली आहे. तिच्यात दर फ्रेमला मुलाच्या कंबरेवर खूण केली की आलेख आपोआप निघतो. मात्र पहिल्यांदा मुलांना कागद-पेन्सिलीनं करू द्या.

आणि दहा मीटरची खूण मुलं धावतात त्याच रेषेवर हवी. मोबाईल दहा मीटर लांब असेल आणि खुणेची फूटपट्टी तुम्ही सोयीसाठी एक मीटर अलीकडं ठेवलीत, तर ती मोठी दिसते आणि उत्तर दहा टक्क्यांच्या आसपास चुकतं.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. खो-खोच्या विज्ञानावरच्या व्हिडिओची सुरुवात त्याला विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या क्लिपनं करायची आहे. मी म्हणतो, महाभारत काळात खो-खो रथांवरून खेळत असत, तिथून सुरुवात करावी. घरात दोन तट पडले आहेत. आपण निवाडा करावा.
— एक पालक, डोंबिवली

उत्तर : निवाडा असा, की दोघंही हरलात.

रथांची गोष्ट मीही लहानपणी ऐकली आहे. ऐकायला झकास आहे, पण विज्ञानाच्या व्हिडिओत ‘कशावरून?’ असा प्रश्न आला की तुमच्या चिरंजीवांकडं उत्तर नसेल. जुनं काही हवंच असेल तर जवळचं घ्या. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४ मध्ये या खेळाचे नियम बांधले. रथाइतकं भव्य नाही, पण पाय टेकायला जागा आहे.

विश्वचषकाबद्दल चिरंजीवांचा अभिमान मला पटतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिलावहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी आणि मुलांनी, दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. मी टीव्हीसमोर उभी राहून ओरडत होते, शेजारचे बघायला आले. पण ती क्लिप दुसऱ्याच्या मालकीची, हा एक भाग. दुसरा भाग असा, की तिथला कॅमेरा खेळाडूंमागं सतत फिरतो, जवळ जातो, लांब जातो. त्यातून तुमचा मुलगा काय मोजणार? एका वाक्यात उल्लेख करा आणि थेट शाळेच्या मैदानावर या.

जाता जाता एक, रागावू नका. पत्रात ‘मी म्हणतो’ आहे म्हणून विचारते, व्हिडिओ कोण करतंय? तुम्ही मोबाईलमागची वीट धरा. तेवढं काम वडिलांना पुष्कळ आहे.

प्रश्न : मैदानावर बोललेलं काही ऐकू येत नाही, नुसता वाऱ्याचा घोंगावा येतो. माईक विकत घ्यावा का?
— दहावीतला एक विद्यार्थी, जि. अहिल्यानगर

उत्तर : नको. मैदानावर फक्त चित्र घे. बोलणं नंतर घरी, अंगावर जाड गोधडी घेऊन, मोबाईल तोंडापासून वीतभर अंतरावर धरून ध्वनिमुद्रित कर. गोधडी भिंतीवरून येणारा घुमारा शोषते. पंखा बंद ठेव, आणि कुकर लावलेला असेल तर शिट्ट्या होईपर्यंत थांब. एक आवाज मात्र मैदानावरचाच ठेव, ‘खो!’ तो मूळ क्लिपमधून उचल, वाऱ्यासकट. तो गोधडीत बसून म्हणता येत नाही, मी प्रयत्न केलाय.